घरातले पहिले गणित

(वाचनालयाच्या शताब्दी वर्षात, बेळगाव येथे पालकांसाठी झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



शंभर वर्षे पुरी करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास किंवा समाजकारण यांपैकी एखाद्या भारदस्त विषयावर बोलावे, असा आपल्याकडचा प्रघात आहे. कार्यकारी मंडळाने मात्र माझ्यासारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षिकेला येथे उभे केले आणि विषयही मलाच निवडायला सांगितला. तेव्हा मी माझ्या परिचयाचाच विषय घेतला आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या गणिताविषयी मी बोलणार आहे. हे गणित फळ्यावरचे नाही. आपल्या स्वयंपाकघरात, ओसरीवर, न्हाणीघरात आणि बाजाराच्या वाटेवर ते रोज घडत असते, किंवा घडू शकते.

पहिलीच्या वर्गात जून महिन्यात येणारी बहुतेक मुले अंक म्हणण्यात तरबेज असतात. आईवडील मोठ्या अभिमानाने सांगतात, 'बाई, याला शंभरपर्यंत येते.' मूलही एका दमात शंभर गाठते. मग मी त्याच्यापुढे सात चिंचोके मांडत असे आणि मोजायला सांगत असे. मूल बोट ठेवून एक ते सात बरोबर मोजते. लगेच विचारावे, 'मग किती आहेत?' तर ते पुन्हा एकपासून मोजू लागते. 'यातले पाच मला दे' म्हटले की ओंजळभर चिंचोके उचलून हातावर ठेवते. हे मूल मंद नसते. त्याला अंकांचा क्रम पाठ झालेला असतो, पण मोजताना शेवटी उच्चारलेला शब्द हाच त्या सबंध ढिगाचा आकडा, ही गोष्ट अजून उमगलेली नसते. अंक म्हणता येणे आणि संख्या कळणे या दोन निरनिराळ्या पायऱ्या आहेत, आणि मधली वाट बरीच लांब आहे.

या वाटेचा अभ्यास पुष्कळ झालेला आहे. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मोजण्याची पाच तत्त्वे सांगितली. ती आपल्या घरातल्या वाट्यांवर तपासून पाहावीत. प्रत्येक वाटीला एकच अंक द्यायचा. एकही वाटी सुटता कामा नये आणि एकीला दोनदा मोजता कामा नये. अंकांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा. शेवटचा अंक म्हणजे एकूण वाट्या. वाट्या मोजता येतात तसे चमचे, पायऱ्या आणि देवळातल्या घंटेचे टोलही मोजता येतात. आणि डावीकडून मोजा की उजवीकडून, उत्तर बदलत नाही. आपल्याला यात सांगण्यासारखे काहीच वाटत नाही. परंतु मुलाला यांतील प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हातांनी शोधून काढावी लागते.

त्याही आधी, १९४१ साली, जिनिव्हाचे झां पियाजे यांनी मुलांच्या संख्याकल्पनेवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यांचा पाण्याचा प्रयोग कोणालाही घरी करून पाहता येईल. दोन सारख्या फुलपात्रांत सारखे पाणी भरावे. मग मुलादेखत एका फुलपात्रातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतावे. चार-पाच वर्षांचे मूल हटकून सांगते, पेल्यात पाणी जास्त आहे. त्याचे डोळे उंची पाहतात, रुंदी पाहत नाहीत. सहा-सात वर्षांच्या सुमारास तेच मूल म्हणते, 'पाणी तेवढेच आहे, भांडे बदलले.' हे त्याला व्याख्यान देऊन पटत नाही. बादलीपाशी बसून शंभर वेळा ओतण्याने पटते. ज्याला आपण 'पाण्यात खेळू नकोस' म्हणून उठवतो, त्याचा अभ्यास चालू असतो.

आता आपल्या जुन्या घरांकडे वळू. त्या घरांत कोणी मुद्दाम गणित शिकवत नव्हते, पण ते मुलांच्या नजरेसमोर सतत चाललेले असे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. धान्य मापताना एका मापाने दुसरे माप भरायचे. दुप्पट आणि निमपट या कल्पना मूल पुस्तक उघडण्यापूर्वीच डोळ्यांनी शिकत असे. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणून हिशेबाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे लागत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम आणि लिटर आले, आणि त्या पाढ्यांची व्यवहारातली गरज संपली. ते पाढे गेले याचे मला दुःख नाही. त्यांच्यापायी पुष्कळ पोरांनी छड्या खाल्ल्या, आणि मुलींना तर ते शिकवण्याची गरजच वाटत नसे. जुन्या काळाची आरती ओवाळावी असा माझा हेतू नाही. माझे म्हणणे एवढेच, की त्या घरांत मोजणे, मापणे, वाटणे ही कामे मुलाला दिसत होती.

आज ती दिसत नाहीत. धान्य पिशवीबंद येते आणि वजन पिशवीवर छापलेले असते. वाण्याच्या काट्यावर आकडा आपोआप उमटतो. दोन पारडी वरखाली होऊन समतोल साधताना मूल पाहत नाही. २०१६ पासून मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाली आणि आता भाजीवालीच्या टोपलीजवळही तो चौकोनी ठिपक्यांचा कागद लावलेला असतो. सोय मोठी आहे, मीही ती वापरते. पण दहाची नोट देऊन तीन रुपये परत घेण्याचा जो प्रसंग मूल रोज पाहत असे, तो घरातून नाहीसा झाला. आईने फोन दाखवला, 'टिंग' असा आवाज आला, व्यवहार संपला. या व्यवहारात मुलाने काय मोजावे?

आणि जे हातातून गेले त्याची भरपाई आपण कागदाने करू पाहतो. तीन वर्षांच्या मुलापुढे सरावाची वही येते. पाच फुगे रंगव, चार बदके जोड, अंक गिरव. पेन्सिल धरण्याइतकी बोटे अजून तयार नसतात. फुगे हलवता येत नाहीत, वाटता येत नाहीत, एक बाजूला काढून 'आता किती?' असे पाहता येत नाही. मग पहिली-दुसरीत मूल अडखळते आणि घरात शिक्कामोर्तब होते, 'याचे गणित कच्चे आहे.' असा शिक्का एकदा बसला की तो पुसायला पुढे सात-आठ वर्षे लागतात, काहींचा तर कधीच पुसला जात नाही. माझ्या विषयाचे महत्त्व येथे आहे. केंद्र शासनाने २०२१ साली 'निपुण भारत' हे अभियान सुरू केले. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन आणि मूलभूत अंकज्ञान यावे, हा त्याचा हेतू आहे. हेतू उत्तम आहे. परंतु मूल शाळेत जाण्याआधीची वर्षे घराच्या ताब्यात असतात, आणि तेथे परिपत्रक पोहोचत नाही.

मग घरी करायचे काय? वेगळे काही मांडू नये. जे काम चालू आहे त्यात मुलाला भागीदार करावे.

जेवणाची पाने मांडणे हे काम त्याच्याकडे सोपवा. प्रथम म्हणा, 'प्रत्येकाच्या ताटात एक वाटी ठेव.' येथे मोजायचेही नाही. ताटाला वाटी जोडायची आहे. यालाच पाठ्यपुस्तकात एकास एक संगती म्हणतात. काही दिवसांनी म्हणा, 'आपण पाच जण आहोत, फडताळातून पाच वाट्या आण.' आता मुलाला पाच ही संख्या डोक्यात धरून स्वयंपाकघरापर्यंत चालत जावे लागते. चार आणल्या तर बोलू नका. मांडताना एक ताट रिकामे राहील आणि ताटच त्याला चूक दाखवील. मग एखाद्या दिवशी मामा जेवायला येणार असतील तेव्हा विचारा, 'आता किती लागतील?' मूल पाचापुढे एक म्हणजे सहा असे सांगू लागले, की बेरीज घरात आली असे समजावे.

पोळपाटापाशी अपूर्णांक शिकता येतात. पोळी लाटताना आपण गोल दुमडून अर्धा करतो, पुन्हा दुमडून पाव करतो. लाटीची ही घडी मुलाला करू द्या. भाकरीच्या तुकड्यासाठी आपल्या भाषेत 'चतकोर' हा किती नेमका शब्द आहे! अर्धी भाकरी, चतकोर भाकरी, आणि एक चतकोर काढून उरली ती पाऊण. जो मुलगा आठवीत तीन चतुर्थांशाला घाबरतो, त्याने लहानपणी पाऊण भाकरी खाल्लेली असते. त्या दोहोंचा संबंध कोणी जोडून दिलेला नसतो. सव्वा, दीड, अडीच, पाऊण हे शब्द तोंडात असलेल्या मुलाला पूर्णांकांच्या मधल्या जागाही माहीत असतात. म्हणून दुधाची पिशवी आणताना 'अर्धा लिटर', वरणाला 'पाऊण वाटी डाळ', चालताना 'दीड किलोमीटर' असे मोठ्याने म्हणत जा.

भात लावताना एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी लागते. पाहुणे आले, तांदूळ दोन वाट्या झाले, तर पाणी किती? मुलाला मापू द्या, सांडले तर पुसू द्या. गुणोत्तर हा शब्द तो दहा वर्षांनी शिकेल. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करताना मोज्यांच्या जोड्या लावायला सांगा. बाबांचे, ताईचे, आपले असे ढीग करायला सांगा. मटार सोलताना शेंगा लांबीप्रमाणे ओळीत मांडा आणि शेंग उघडण्याआधी विचारा, 'आत किती दाणे असतील?' अंदाज आणि पडताळा, दोन्ही एका शेंगेत होतात.

ठिपक्यांची रांगोळी तर घरच्या गणिताची राणीच आहे. मधली ओळ सात ठिपक्यांची घेऊन तिच्या वर आणि खाली सहा, पाच, चार असे ठिपके मधल्या जागा साधून काढले की षटकोन तयार होतो. एक ठिपका चुकला तर आकृती जुळत नाही. मोठ्या मुलाला सगळे ठिपके मोजायला सांगा. कोणी एकेक मोजील. कोणाच्या लक्षात येईल की वरचे पंधरा आणि खालचे पंधरा सारखेच आहेत, त्यात मधले सात मिळवले की सदतीस.

सापशिडी आणि पट यांना आपण वेळ घालवण्याची साधने समजतो. २००८ साली अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर यांनी गरीब कुटुंबांतील बालवाडीच्या मुलांना एक ते दहा घरांचा साधा सरळ पट खेळायला दिला. दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी पंधरा-वीस मिनिटे. तेवढ्यानेही त्या मुलांचे संख्याज्ञान स्पष्टपणे सुधारले. ज्यांना आकड्यांऐवजी रंगांचा पट दिला होता, त्यांचे सुधारले नाही. यातली एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. सोंगटी पाचावर असेल आणि दान दोनाचे पडले असेल, तर मुलाने 'एक, दोन' न म्हणता 'सहा, सात' म्हणत पुढे जायचे. तसा पट कोणीही पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर आखू शकेल. चार कवड्या किंवा अर्धे घासलेले चिंचोके दानासाठी पुरतात.

आता आपल्या गावापुरता एक प्रश्न. आपल्या मुलांच्या कानांवर तीन भाषांतले अंक पडतात. घरी तेवीस, गल्लीत 'इप्पत्तमूरु', शाळेत 'ट्वेंटी थ्री'. कानडीत आधी वीस आणि मग तीन येतात, इंग्रजीतही तसेच. मराठीत मात्र तीन आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, लिहिताना पुन्हा दोन आधी. म्हणून तेवीस ऐकून मूल ३२ लिहिते. एकोणतीस ऐकले की त्यातला 'तीस' ऐकून तीन लिहून मोकळे होते, कारण एकोण म्हणजे एक उणे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. गंमत अशी, की एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालते आणि नव्याण्णवला येऊन मोडते.

२०१९ साली महाराष्ट्रात मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील गणित समितीने दुसरीच्या पुस्तकात जुन्या नावांबरोबर 'वीस तीन', 'साठ तीन' अशा वाचनाचा पर्याय दिला, तेव्हा मोठे वादंग झाले. भाषा बिघडेल असे काहींना वाटले. मुलांची अडचण खरी आहे, हे तेव्हा नारळीकरबाई शांतपणे सांगत होत्या. माझ्या मते घरात या दोन बाजूंमध्ये भांडण लावण्याचे कारण नाही. खराट्याच्या काड्या घ्याव्यात, दहा-दहांच्या जुड्या बांधाव्यात. सहा जुड्या आणि तीन सुट्या काड्या मुलापुढे ठेवून म्हणावे, 'साठ आणि तीन, म्हणजे त्रेसष्ट.' एकोणतीससाठी तीन जुड्या ठेवाव्यात आणि एक काडी ओढून काढावी. हाताला जुडी कळली की तिन्ही भाषांतली नावे एकाच वस्तूची आहेत हे मुलाला आपोआप कळते. शाळेचे माध्यम कोणतेही असो, त्रेसष्ट आणि अडीच हे शब्द घरात वापरले गेले तरच ते पुढच्या पिढीला मिळणार आहेत. ते कोशात सुरक्षित असले तरी मुलाच्या उपयोगाचे नाहीत.

वागण्याविषयी थोडे सांगते. घराची परीक्षा-खोली करू नका. जिना चढताना पायऱ्या मोजाव्यात, पण रोज प्रत्येक पायरीवर प्रश्न विचारला तर मूल जिना टाळू लागेल. बोटांवर मोजू लागले तर हात खाली ओढू नका. आपल्या आज्या पेरांवर महिने आणि जप मोजत आल्या आहेत. चूक झाली तर 'कसे काय मोजलेस?' असे विचारा. एखादे मूल एकोणतीसनंतर 'वीस दहा' म्हणते. हसू येते, पण त्या उत्तरात नियम शोधणारी बुद्धी आहे. आणि कृपा करून मुलासमोर 'मला लहानपणी गणित कधी जमले नाही' असे म्हणू नका. मुलींसमोर तर मुळीच नको.

कोणी म्हणेल, दोघेही नोकरी करणाऱ्या घरात यासाठी वेळ कुठून आणायचा? मी सांगितलेल्या कामांतले एकही काम जादा नाही. पाने मांडायचीच असतात, भात लावायचाच असतो. मुलामुळे पाच मिनिटे अधिक लागतील. तीही आईनेच द्यावीत असे नाही. बाबा, आजोबा, काकू यांनाही चिंचोके मोजता येतात. साधनांना पैसा लागतो, हीही समजूत खरी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत बालशिक्षणाचे काम उभे केले, ते खडे, शिंपले, पाने, बिया यांच्या आधारावर. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ असलेला 'अंगणवाडी' हा शब्द त्या कामातून आलेला आहे.

शेवटी वाचनालयाला एक विनंती. आपल्या बालविभागात गोष्टींची पुस्तके आहेत. त्यांच्या शेजारी एक लाकडी पेटी ठेवावी. तिच्यात चिंचोके, कवड्या, काड्यांच्या जुड्या, चार लहानमोठी मापे, एक साधा दोन पारड्यांचा तराजू आणि पुठ्ठ्याचे दोन-तीन पट असावेत. पुस्तकाप्रमाणेच पट आठवड्यासाठी घरी नेण्याची मुभा असावी. महिन्यातून एका रविवारी एखाद्या आजींनी किंवा आजोबांनी तासभर मुलांबरोबर बसावे. खर्च फार नाही. शतकभर या संस्थेने आपल्या गावाला वाचायला दिले. दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी लहानग्यांना मोजायलाही दिले, तर संस्थापकांना ते आवडेल असे मला वाटते. पहिल्या पेटीचे चिंचोके मी स्वतः आणून देईन.